मांडी नव्हे, सीट!

नवी गाडी आली की आपल्याकडे दोन गोष्टी आधी होतात. चाकाखाली लिंबू जातं आणि पुढच्या सीटवर घरातलं सगळ्यात लहान मूल. करंजाच्या आमच्या घरीही तेच झालं. दादाने गाडी घेतली आणि माझी तीन वर्षांची भाची थेट पुढे, आईच्या मांडीवर.

'माझ्या हातात हाय गो पोर, काय होतंय?' इति आई. आता आईशी वाद कोण घालणार? पण पनवेलला जायचं म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या कंटेनर ट्रेलर्समधून वाट काढत. म्हणून घातलाच.

गणित सोप्पं आहे. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबते, पण आतलं मूल पुढे जातच राहतं. दहा किलोंचं बाळ त्या क्षणी हातांना साधारण दोनशे किलोंचं होतं. आईच काय, रोज जिमला जाणारा दादाही ते धरू शकणार नाही.

'अगं, एअरबॅग आहे ना!' दादा म्हणाला. घोळ नेमका इथेच आहे. पापणी लवायच्या आत फुगणारी ही पिशवी बेल्ट लावून, मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी असते. लहान मुलाला तिचाच जबर फटका बसतो. डिसेंबर 2024मध्ये वाशीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यावर गेला. मार शरीराच्या आत बसला होता.

मग नुसता बेल्ट? तो मोठ्यांच्या मापाचा. मुलांच्या खांद्याऐवजी मानेवर येतो, कमरेच्या हाडाऐवजी पोटावर. त्यात त्यांचं डोकं जड, मान नाजूक. म्हणून तान्ह्या बाळाची सीट उलट्या तोंडाने लावतात. धक्का मानेवर न येता पाठभर पसरतो.

मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे. 2023पासून भारत एनकॅप मुलांच्या सुरक्षेला वेगळे स्टार देतं. दादाने सनरूफ पाहिलं होतं, हे नाही!

शेवटी सीट आली, मागे आयसोफिक्सच्या हुकात बसली. पहिल्या दिवशी भाची उरणपर्यंत रडली. दुसऱ्या खेपेला जासईला गाढ झोपली. आई आता मागे, तिच्या शेजारी बसते.

तेव्हा ईएमआयवाल्यांनो, शोरूममध्ये म्युझिक सिस्टीमची चौकशी कराल तेव्हा आयसोफिक्सचीही करा. स्वतःचं मूल नसेल अजून, पण भाचरं तर असतीलच की!