आमची पावसाळी सहल

दर वर्षी जुलै लागला की मी फळ्यावर दोन विषय लिहिते. मराठीच्या तासाला 'पावसाळी सहल' आणि उर्दूच्या तासाला 'बरसात का एक दिन'. बी.एड. झाल्यापासून हेच चाललंय. मुलांचे निबंध मला आता पाठ झालेत. डोंगरांनी हिरवा शालू नेसलेला असतो, धबधबा दुधासारखा असतो आणि शेवटी सगळे दमून आनंदाने घरी येतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने वही परत घेताना विचारलं, "टीचर, तुम्ही कुठे गेला होता सहलीला?" मी म्हटलं, "जागेवर बस."

खरं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. खोपोलीत राहून, कर्जतला शिकवून, मी आमचा भाग धड पाहिलेलाच नव्हता. शनिवार-रविवारी मुंबई इकडे लोटते, रस्ते तुंबतात, आणि आपण दार लावून घरात बसतो. सहल ही बाहेरून येणाऱ्यांनी करायची गोष्ट, अशीच आमची समजूत.

गेल्या ऑगस्टमध्ये माझी भाची नवऱ्याबरोबर इटलीला गेली. फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू झाला. तिकडेही खराच पाऊस होता. व्हेनिसच्या गल्लीत दोघं एका छत्रीत. खाली लिहिलेलं, "पिझ्झा व्हेज आहे खाला, टेन्शन नको." मी ते फोटो जरा जास्तच वेळ पाहिले असावेत. मुलांचे अब्बा म्हणाले, "इटली राहू दे. उद्या सुट्टी आहे. कोंडाणे लेणी पाहिलीस?" लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण असा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास खोपोलीहून लोकल धरली. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, कर्जत. रोजचाच प्रवास, पण रोज मी या गाडीत वह्या तपासते. त्या दिवशी खिडकीतून बाहेर पाहिलं. मुंबईहून येणारी रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. मधली सात वर्षं पुण्याला जाणारे प्रवासी आमच्या खोपोलीला उतरून पालखीने नाहीतर गाडीने घाट चढायचे. म्हणजे एके काळी सगळी गडबड आमच्या गावात होती. आता आम्ही त्या मार्गाचा एक फाटा आहोत.

कर्जतला फलाटावर दिवाडकरांचा वडा खाल्ला. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून बँकर इंजिनं जोडतात. त्यासाठी गाडी थांबते आणि तेवढ्यात वडे खपतात. एका इंजिनाच्या जोरावर घाट चढवत नाही म्हणून एक वडा प्रसिद्ध झाला, असं मी म्हटलं. हे म्हणाले, "आपल्या घरातलं बँकर इंजिन तूच." कौतुक होतं की चेष्टा, कळलं नाही. मी दुसरा वडा घेतला.

कोंदिवड्यापर्यंत रिक्षा केली. पुढे पायवाट. एका बाजूला उल्हास नदी, समोर राजमाची ढगात. बुरखा भिजला की किती जड होतो, हे बायांनाच माहीत. मध्ये एक ओढा लागला, घोट्याइतकं पाणी. सहज पार केला.

लेण्यांपाशी पोचलो तेव्हा वरच्या कड्यावरून पाण्याचा पडदा पडत होता. त्या पडद्यामागे दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध भिक्षूंचं चैत्यगृह आणि विहार. लाकडी घराच्या तुळया, कमानी, कठडे, सगळं दगडात कोरलेलं. मी शोधत होते ती गोष्ट चैत्याच्या दर्शनी भागाच्या डाव्या हाताला सापडली. एका भग्न मूर्तीचं मोठं शिर आणि त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण अर्थ वाचलेला होता. काण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच. शिष्यासाठी तिथे शब्द आहे 'अंतेवासी', गुरूजवळ राहणारा. आमच्या उर्दूत शायर आपण कोणाचे शागिर्द ते अभिमानाने सांगतात, तसंच हे. एवढं काम करून त्याने स्वतःच्या नावाआधी उस्तादाचं नाव घातलं. माझ्यासारख्या मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी यायला तेवढं पुरलं. पावसात ते कुणाला दिसलं नाही.

तिथे ट्रेकर मंडळींचा एक गट होता. चांगली माणसं, आम्हाला बिस्किटं दिली. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "मुंब्र्याहून आलात का?" मी म्हटलं, "नाही, खोपोलीच्या." "अय्या, मराठी किती छान बोलता!" मी सांगितलं, मराठी शिकवते. मग पुढचा प्रश्न, "पण मूळचे कुठले?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. ही वाक्यं मी शेकडो वेळा ऐकलीत आणि हसून सोडून दिलीत. यांनीच उत्तर दिलं, "आम्ही इथलेच." आवाज चढवला नाही. ते लोक डोंबिवलीहून आले होते.

परतताना मघाचा ओढा ओळखू येईना. पाणी गुडघ्याच्या वर आणि मातकट. हे पाय टाकणार एवढ्यात पलीकडून गुरं राखणारा एक पोरगा ओरडला, "काका, थांबा! उतरंल पाणी." आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. दीड तास.

त्या दीड तासात हे इर्शाळवाडीबद्दल बोलले. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यातली ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, चौथ्या दिवशी शोध थांबवला. वाडीला रस्ता नव्हता, मोठी यंत्रं वर जाऊ शकली नाहीत. हे दोन दिवस पाण्याच्या बाटल्या घेऊन चढत होते, एवढंच मला माहीत होतं. घरी आल्यावर ते काही बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "वर एका बाजूला वह्या पडल्या होत्या. चिखलाने भरलेल्या. मी एक उचलली आणि परत ठेवली. तू रोज घरी वह्या आणतेस ना, मला बघवत नाही." दोन वर्षं रात्री जोराचा पाऊस आला की हे उठून बसतात. मला वाटायचं, नाइट शिफ्टची सवय. मी काय बोलणार? त्यांचा हात धरून बसले. ज्या पावसाचे फोटो काढायला लोक येतात त्याच पावसात आपण राहतो, आणि राहणाऱ्याला त्याची दोन्ही रूपं सांभाळावी लागतात.

पाणी उतरलं. त्या पोराने हात देऊन आम्हाला पार केलं, पैसे घेतले नाहीत.

गावात एका घरी जेवण मिळतं, तिथे गेलो. मटण नको, हे कसं सांगावं असा नेहमीचा संकोच होता. मावशीच म्हणाल्या, "श्रावण हाय, कोंबडी नाय मिळायची." चला, श्रावणाने आमचा हलालचा प्रश्न परस्पर सोडवला! तांदळाची भाकरी, करटोल्यांची भाजी, पिठलं, ठेचा, वर कोरा चहा. इतकी भूक लागली होती की मी भाकऱ्या मोजल्या नाहीत. जोहरची वेळ जात आली होती. हे पडवीत जागा बघू लागले तशी मावशींनी भाताची पोती सरकवून घोंगडी अंथरली आणि कोंबड्यांना हाकललं. नमाज झाल्यावर मला म्हणाल्या, "ताई, पावसासाठी बी मागा. शेताला लागंल तेवढाच पडू दे." मी मागितलं.

संध्याकाळच्या लोकलमध्ये ओले कपडे, चिखलाचे पाय. भाचीला लेण्यांचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "वॉव खाला! हे कुठे आहे?" मी आधी वह्या पिशवीत उलट्या करून ठेवल्या, मग तिला पत्ता लिहिला.

सोमवारी वर्गात विचारलं, कोंडाणे लेणी कोणी पाहिली? दोनच हात वर झाले. निबंधाचा विषय बदलला आहे. आधी बघून यायचं, मग लिहायचं. आणि ओढ्याला पाणी असेल तर थांबायचं.