फिल्मबाई

चार इंच रुंद, हातभराला थोडी कमी लांब, अंगानं पातळ, रंगानं काळी-करडी. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये या बाईंची ओळख करून द्यावी लागत नाही. तुम्हाला मात्र करून द्यायला हवी. या रेडिओग्राफीच्या फिल्मबाई. बॉयलरचा ड्रम असो, गॅसची पाइपलाइन असो, रसायनाची टाकी असो. पोलादाचे दोन तुकडे वितळवून जिथं जोडलेत, तिथं ते खरंच एकजीव झालेत की नुसतं वरून लिंपलंय, हे सांगणं त्यांचं काम. वेल्डरनं कॅपिंग कितीही देखणं मारलेलं असो, बाई वरच्या रूपाला भुलत नाहीत. त्यांना रूट, म्हणजे सांध्याचा तळ, बघायचा असतो.

घराणं मोठं आहे आणि त्याचा त्यांना गर्वही आहे. १८९५ साली राँटगेनसाहेबांनी क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताचं, बोटातल्या अंगठीसकट, चित्र घेतलं. ते जगभर गाजलं. पण त्याच साहेबांनी स्वतःच्या शिकारी बंदुकीचंही चित्र काढलं होतं, ते कुणी लक्षात ठेवत नाही, ही बाईंची जुनी सल. दवाखान्यातल्या चुलत बहिणीला सगळा मान आणि आपण कारखान्याच्या कोपऱ्यात. पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारात लेस्टर नावाच्या शास्त्रज्ञांनी ओतकामं तपासायला क्ष-किरणांची प्रयोगशाळा काढली, तेव्हा कुठे या शाखेला नाव मिळालं.

तापट म्हणाल तर विचारू नका. पेटीतून काढताना अंगाला जरा जोरात हात लागला, फिल्म किंचित वाकली, की चंद्रकोरीसारखा डाग उमटलाच. त्यातही हिशेब चोख: एक्स्पोजरच्या आधी वाकवलंत तर कोर फिकट, नंतर वाकवलंत तर काळी. म्हणजे चूक कुणाची आणि कधीची, तेही सांगून मोकळ्या. डिसेंबरच्या कोरड्या हवेत घाईनं ओढून काढलं, तर स्थिर विजेची ठिणगी पडून अंगभर फांद्या फुटल्यागत रेघा. डार्करूममध्ये लाल दिवा सोडून दुसरा उजेड चालत नाही. डेव्हलपरचं पाणी २० अंशांच्या आसपास हवं आणि त्यात साधारण ५ मिनिटांची आंघोळ. एप्रिलमध्ये टाकीभोवतीच्या पाण्यात बर्फ सोडावा लागतो. वेल्डर बाहेर ४० अंशांत घामानं निथळत असतो, ते बाईंच्या खिजगणतीत नाही.

कामाची वेळ रात्रीची. त्याला कारण त्यांचे सोबती, इरिडियमबुवा. इरिडियम-१९२ चा, गॅमा किरण सोडणारा हा सोर्स दिसायला काही मिलिमीटरचा, पण त्याला ठेवायला युरेनियमच्या कवचाचा कॅमेरा लागतो; डबा एवढासा, उचलायला गेलं की कंबर बोलते. आपल्याकडे बुवा येतात ते वाशीच्या ‘ब्रिट’मधून, अणुऊर्जा खात्याच्या संस्थेतून, आणि त्यांच्या हिंडण्या-फिरण्यावर अणुशक्तिनगरच्या नियामक परिषदेचा पहारा. शॉप रिकामं करायचं, दोरी बांधायची, सर्व्हे मीटरनं तपासायचं, छातीवर किरणांचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज आहे ना बघायचं, मग लांबून क्रँक फिरवून बुवांना केबलवरून नळीत सोडायचं. बुवांचं आयुष्य मात्र झरझर उतरणारं. ७४ दिवसांत जोर निम्मा. नवा सोर्स असताना जो शॉट चार मिनिटांत व्हायचा, त्याला आठ लागतात. मग सोळा. रात्रपाळीचा ऑपरेटर चहाच्या फेऱ्यांवरून सोर्सचं वय सांगतो.

दागिन्यांशिवाय बाई बाहेर पडत नाहीत. जॉब नंबर, जॉइंट नंबर, वेल्डरचा नंबर, तारीख, सगळं शिशाच्या अक्षरांत. शिसं किरण अडवतं, म्हणून फिल्मवर ही अक्षरं पांढरी उठून दिसतात. मागच्या बाजूला एक ‘बी’ चिकटवलेला असतो. तो मात्र दिसता कामा नये. काळ्या पार्श्वभूमीवर तो पांढरट दिसला, तर किरण मागच्या भिंतीवर आपटून परत आलेत असं समजायचं आणि फिल्म बाद करायची. आणि पेनी. पेनी म्हणजे बारीक तारांची पट्टी, एकीपेक्षा दुसरी बारीक. प्लेटच्या जाडीप्रमाणे ठरलेली तार फिल्मवर दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर जॉइंट कितीही निर्मळ असो, बाईंची साक्ष ग्राह्य नाही. स्वतःच्या दृष्टीचा पुरावा आधी द्यायचा आणि मग दुसऱ्याबद्दल बोलायचं, हा नियम त्या पाळतात. माणसांच्या कोर्टात एवढं कुठं असतं?

रंगाबद्दलही काटेकोर. गॅमा शॉटला डेन्सिटी २ ते ४ च्या मध्ये हवी. २ म्हणजे दिव्याचा शंभरावा हिस्सा पलीकडे येतो, ४ म्हणजे दहा हजारावा. त्यामुळे बाईंचं दर्शन घ्यायला दांडगा व्ह्यूअर लागतो आणि खोलीत अंधार. बाहेरच्या उन्हातून तडक येऊन फिल्म उचलणाऱ्या साहेबाला बाई काही दाखवत नाहीत. डोळे निवेपर्यंत बसा म्हणतात.

एकदा बसलं की मग बोलणं सुरू. भाषा साधी: जिथं धातू कमी तिथं काळं, जिथं जास्त तिथं पांढरं. गोल काळे ठिपके म्हणजे पोरोसिटी. वायू अडकला, इलेक्ट्रोड ओला असेल किंवा आर्गनला वारा लागला असेल. वेडीवाकडी काळी पट्टी म्हणजे स्लॅग. आधीच्या रनवरची राख साफ न करता वर दुसरा रन ओढलाय. ही पट्टी कधी वेल्डच्या दोन्ही कडांनी समांतर धावते, तेव्हा समजावं की ग्राइंडर उचलायचा कंटाळा दोन्ही बाजूंना सारखाच होता. झगझगीत पांढरा ठिपका दिसला तर तो टंगस्टनचा कण. आर्गन मारताना टोक वितळलेल्या धातूत बुडालं आणि तुटून तिथंच राहिलं. बरोबर मध्यावर, पट्टीनं आखल्यासारखी सरळ काळी रेघ दिसली की इन्स्पेक्टर खुर्चीत सरसावतो. हे एलओपी, ‘लॅक ऑफ पेनिट्रेशन’. पाठीपर्यंत धातू पोचलाच नाही, प्लेटची मूळ कड तशीच शाबूत आहे. आणि केसासारखी बारीक, नागमोडी, मध्येच पुसट होऊन पुन्हा उगवणारी रेघ म्हणजे क्रॅक. ती दिसली की खोलीत कुणी बोलत नाही.

दंडसंहिताही तयार. अमेरिकन प्रेशर व्हेसल कोडच्या पूर्ण रेडिओग्राफीत १९ मिमीपर्यंतच्या प्लेटला ६ मिमी लांबीचा स्लॅग माफ आहे. क्रॅक, एलओपी, अपुरं फ्यूजन यांना मात्र एक मिलिमीटरचीही माफी नाही.

वेल्डरशी बाईंचं नातं सासुरवासाचं. फिल्म व्ह्यूअरवर चढली की वेल्डर दारातूनच वकिली सुरू करतो.

“साहेब, स्क्रॅच आहे हो तो. फिल्मलाच पडलाय.”

“थांबा की. तिरकी धरून बघतो.”

फिल्म व्ह्यूअरवरून उतरवून साध्या उजेडात तिरकी धरली की वरचा ओरखडा चमकतो. हा चमकला नाही.

“दुसरी फिल्म आणा रे.”

मोठ्या जॉबला कॅसेटमध्ये एकावर एक दोन फिल्म घालतात. ओरखडा दोघींना एकाच जागी पडत नसतो. दुसरीवरही तीच रेघ, त्याच जागी. वेल्डर काही न बोलता गाउजिंगची, म्हणजे बिघडलेला सांधा कोरून काढायची, कार्बन कांडी शोधायला जातो. रिपेअर झाली की नवा शॉट, आणि त्या शॉटवर शिशाचा ‘आर वन’, वेल्डरच्या नंबराशेजारीच. पुन्हा बिघडलं तर ‘आर टू’. फाइल चाळणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत राहतो, म्हणून बरेच वेल्डर बाईंना नव्हे, त्या ‘आर’ला भितात.

बाईंना फसवायचे प्रकारही झालेत. एक चांगला जॉइंट धरायचा, शिशाचे आकडे बदलायचे आणि त्याच जागेचे तीन-चार शॉट मारून वेगवेगळ्या जॉइंटच्या नावावर खपवायचे. कागदावर सगळं ‘ॲक्सेप्टेड’. पण वेल्डच्या लाटा, एखादा सुटा ठिपका, रूटचा उंचसखलपणा हे दुसऱ्या जॉइंटवर हुबेहूब येत नाही. मुरलेला इन्स्पेक्टर दोन फिल्म शेजारी धरतो आणि आकडे हातानं झाकतो. बाई आपण होऊन चहाडी करत नाहीत, विचारलं तर लपवतही नाहीत.

आता दुर्गुण. बाईंना खोली कळत नाही. दोष वरच्या अंगाला आहे की तळाला, विचारा. त्या सगळं एकाच पातळीवर चपटं करून दाखवतात. गाउजिंग कुठल्या बाजूनं करायचं, ते ठरवायला वेल्डरला दुसऱ्या कुणाला विचारावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे, जो पातळ दोष किरणांच्या दिशेनं उभा असेल तोच त्यांना नीट दिसतो. प्लेटमध्ये आडवं पसरलेलं लॅमिनेशन, किरणांना तिरकी गेलेली बारीक क्रॅक, बाजूच्या भिंतीला न चिकटलेला रन, यांच्यापुढे बाई डोळे असून आंधळ्या. क्रॅकनं जरा कूस बदलली की स्वच्छ फिल्म. आणि ही स्वच्छ फिल्म हातात घेऊन निर्धास्त होणारे साहेब बाईंपेक्षा जास्त धोक्याचे, असं माझं मत आहे. तिथं अल्ट्रासॉनिकलाच बोलवावं लागतं. ती पडद्यावर रेघ नाचवून खोली सांगते, तिला दोरी लागत नाही, रात्र लागत नाही, बर्फ लागत नाही. हल्ली कितीतरी जॉब तिच्याकडे वळलेत. उरलेल्यांपैकी काहींना डिजिटल प्लेट लागलीय. ना डेव्हलपर, ना लाल दिवा.

बाई त्यावर काही म्हणत नाहीत, पण त्यांच्या जुन्या चाहत्यांचं एक म्हणणं ऐकण्यासारखं आहे. अल्ट्रासॉनिकची साधी तपासणी झाली की हातात उरतो तो ऑपरेटरचा शब्द. फिल्म मात्र कपाटात राहते. मालाच्या करारात सांगितलेली वर्षं संपेपर्यंत, मध्ये कागद घालून, थप्पीनं. टाकी गळली, चौकशी बसली, तर त्या दिवशीचा सांधा पुन्हा उजेडावर धरता येतो, वेल्डरच्या नंबरासकट.

मुदत संपली की कारखाना भंगारवाल्याला बोलावतो. तो फिल्म बघत नाही, तराजूवर घालतो. त्याला हवी असते ती बाईंच्या अंगावरची चांदी.