टपावर की पाठीवर?

सायकल घेऊन कोकणात उतरायचं ठरवलंत, तर पहिला प्रश्न समुद्राचा नसतो. ‘सायकली न्यायच्या कशा?’ हा असतो! पुण्याहून दिवेआगरला जाता जाता आम्हाला सापडलेलं त्याचं हे उत्तर...

‘‘दिवेआगर ते श्रीवर्धन सायकलने जाऊ या का गं?’’

शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा फोन. मी डेडलाइनच्या गडबडीत, त्यामुळे आधी नुसतं ‘हो हो’ म्हटलं. मग ट्यूब पेटली. बाबा सहासष्ट वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी सायकलला नुकताच हिरवा कंदील दिलेला, तोही ‘दम लागला की थांबायचं’ या अटीवर. आईची अट आणखी कडक होती. ‘‘मी गाडी घेऊन मागे असेन, तरच.’’

म्हणजे हिशोब असा झाला : माणसं तीन, सायकली दोन आणि गाडी एक.

गाडी आहे आमची टाटा इंडिगो मरिना. २००४ मध्ये बाजारात आलेली स्टेशन वॅगन. साहेबाच्या देशात हिला ‘इस्टेट’ म्हणतात. आपल्याकडे या प्रकाराची डाळ काही फारशी शिजली नाही. माझे मित्र तर तिला सरळ ॲम्ब्युलन्स म्हणतात. पंधरा वर्षं झाल्यावर बाबांनी तिचं रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं, पण विकली नाही. ‘‘डिकी बघ हिची!’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आतच घालू की!

इस्टेटवाल्यांचा पहिला फंडा हाच असतो. मागची सीट पाडायची, सायकलींची पुढची चाकं काढायची, जुनी गोधडी अंथरायची आणि दोन्ही सायकली आडव्या सरकवायच्या. गिअरची बाजू वर ठेवायची, म्हणजे डिरेलर दबत नाही. सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल, तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा अडकवायचा. नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. खर्च शून्य, पावसाची भीती नाही, चोरीची नाही.

सॉलिड आयडिया! फक्त एक गोची. मागची सीट पाडली की आईने बसायचं कुठे?

आणि आईशिवाय ही ट्रिप होणारच नव्हती. तिची अट म्हणून तर झालंच, पण साधा व्यवहार म्हणूनही. गाडी दिवेआगरला उभी राहिली, तर श्रीवर्धनहून सायकलने तेवढंच अंतर परत यावं लागणार. म्हणजे चढ-उतार डबल, बाबांचा दमही डबल. गाडी चालवणारं तिसरं कुणी असेल, तर एकाच बाजूने जायचं आणि जिथे दमलो तिथे गाडीत बसायचं. शनिवारी सकाळी मी रॅक शोधायला निघाले, ते खरं तर आईची सीट वाचवायला.

टपाची हौस

दुकानात सगळ्यात देखणा दिसतो तो टपावरचा रॅक. सायकली उभ्या, वाऱ्यावर स्वार, एकदम ॲडव्हेंचर! मागचा आरसा मोकळा, डिकी उघडते, नंबरप्लेट झाकत नाही. बाबांना तर हा फारच भावला. लहानपणी गावाला जाताना त्यांची सायकल एसटीच्या टपावरच जायची.

पण एसटीच्या टपावर सायकल चढवायला शिडी असायची. इथे चौदा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलून पन्हाळीत नेमकी बसवायची. मी एकटी ते करू शकत नाही आणि बाबांनी ते करायचं नाही. शिवाय दीड मीटरची गाडी सायकलींसकट अडीच मीटरच्या पुढे जाते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा स्लॅब तेवढा दिलदार नाही. वारा अडतो म्हणून मायलेज घटतं ते वेगळंच. गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालेल तेही दिलेलं असतं. त्यात सायकलींबरोबर रॅकचं आणि आडव्या दांड्यांचं वजनही धरायचं, हे बरेच जण विसरतात.

युरोपातला हूक

युरोपात ट्रेलर ओढायच्या हुकावर बसणारा रॅक लोकप्रिय आहे. जर्मनीतला माझा मावसभाऊ त्याच्या प्रेमात आहे. सायकल गुडघ्यापर्यंत उचलली की काम झालं. काही रॅक सायकलींसकट मागे कलतात, म्हणजे डिकीही उघडते. त्याला स्वतःचे लाइट असतात, नंबरप्लेटची जागा असते. इस्टेटसाठी यापेक्षा झकास काही नाही.

पण आपल्या बहुतेक गाड्यांना तो हूकच नसतो. म्हाताऱ्या मरिनाला वेल्डिंग करून हूक लावायचा, त्यासाठी आरटीओचे नियम बघायचे... एका वीकेण्डसाठी? नको रे बाबा!

पाठीवरचं दप्तर

उरला तो पट्ट्यांचा रॅक. दप्तरासारखा गाडीच्या पाठीला बांधायचा. खालचे पाय बंपरवर, वरचे मागच्या दारावर आणि सहा पट्ट्यांचे हूक दाराच्या कडांमध्ये. स्वस्त, घडी होणारा आणि सायकल जेमतेम छातीपर्यंत उचलावी लागणारा.

इथे इस्टेटवाल्यांनी जास्त जपायचं. आपलं मागचं दार म्हणजे अर्धी काच. हूक पत्र्याच्या कडेलाच बसला पाहिजे. काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या स्पॉयलरवर ताण आला तर तुटलंच समजा. गाडी धुतल्याशिवाय रॅक लावायचा नाही, कारण रबराखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. आणि एकदा सायकली लटकल्या की मागचं दार उघडत नाही. डब्याची पिशवी आधीच पुढे घ्या!

आमच्या रॅकवर लिहिलं होतं, एका सायकलला कमाल पंधरा किलो. बाबांना न्यायची होती त्यांची जुनी काळी सायकल. पस्तीस वर्षं कंपनीत जायची ती. मी वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहिले, मग सायकल उचलून. फरक निघाला बावीस किलो! बाबा काही बोलले नाहीत. घंटी एकदा वाजवली आणि तिला परत जिन्याखाली लावून आले. मग बेंगळुरूला गेलेल्या माझ्या भावाची हायब्रिड खाली आली. चौदा किलो.

निघायच्या आधी एक ड्रिल. आई गाडीमागे उभी. बाबांनी ब्रेक दाबला, मी सायकलच्या चाकाआडून लाल दिवा दिसतो का ते विचारत होते. डावा इंडिकेटर पेडलआड गेला होता. सायकल उलट्या बाजूने टांगली, दिसला. नंबरप्लेट मोकळी, चाक सायलेन्सरच्या गरम हवेपासून लांब. ओके!

ताम्हिणीत

पौडला चहाला थांबलो. पट्टा ओढून पाहिला, तर दोन बोटं सैल! नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्ये ताणतातच. परत आवळले आणि मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला घेत ताम्हिणी घाटाला लागलो.

एक स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. धाडकन आवाज. आरशात बघते तर दोन्ही सायकली एका बाजूला कललेल्या. मागे टेम्पो. पोटात गोळा आला. गाडी कडेला घेतली. खालचा एक हूक निसटला होता, पण रॅक जागेवर होता. तो धरून ठेवला होता बाबांच्या नायलॉनच्या दोरीने. निघताना त्यांनी दोरी टपाच्या दांडीला बांधली, तेव्हा मी हसले होते. ‘‘ट्रकवाल्यांची गाठ आहे,’’ एवढंच ते म्हणाले होते. मागच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एक लहान मुलगी बसली होती. चौदा किलोची सायकल त्या काचेवर गेली असती तर? तिथून पुढे मी चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही.

समुद्र उजवीकडे

माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला पोचलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या होत्या. सकाळी सुपारीच्या वाड्यांमधून सायकली बाहेर काढताना ती पडझड आठवत होती.

दिवेआगर ते श्रीवर्धन म्हणजे वीसेक किलोमीटर. भरडखोल, शेखाडी, आरावी अशी गावं. उजव्या हाताला समुद्र आणि डावीकडे डोंगर. शेखाडीला बाबांनी पाय टेकवले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच किनाऱ्यावर उतरवली होती. आज तिथे फक्त होड्या आणि वाळत घातलेली जाळी. पुढच्या चढावर बाबा खाली उतरले, सायकल ढकलत चालू लागले. मी काही विचारलं नाही. मागून मरिना पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता येत होती.

चढ संपल्यावर आईने काच खाली केली. ‘‘बसता का आत?’’

‘‘उताराला कोण गाडीत बसतं?’’ म्हणत बाबांनी पेडल मारलं. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या श्रीवर्धनात आम्ही सोलकढी प्यायलो, तेव्हा त्यांचा शर्ट चिंब होता आणि चेहरा शाळकरी पोरासारखा.

परतीच्या वाटेसाठी बाबा दोरी बांधायला बसले. ‘‘पुढच्या वेळी काळी सायकल आणू या,’’ हळूच म्हणाले.

‘‘आधी तिला डाएटवर ठेवा,’’ आई म्हणाली. ड्रायव्हरच्या सीटवरून ती उठायला तयारच नव्हती.

रॅक घ्यायच्या आधी

* गाडीत माणसं किती? दोनच असतील तर सीट पाडा, पैसे वाचवा.
* सायकल उचलणार कोण? त्याच्या खांद्याला झेपेल तेवढ्याच उंचीचा रॅक घ्या.
* सायकल घरीच वजनकाट्यावर तोला. दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.
* ब्रेकलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट मागून कुणालातरी बघायला सांगा.
* पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे आवळाच.
* आणि एक जादा दोरी. गाठ बाबांकडून शिकून घ्या!