खोडदच्या तबकड्या

आमच्या तळोद्याहून पुण्याला जायचं म्हणजे दिवसभराचा प्रवास. नाशिक, संगमनेर मागे पडलं, चंदनापुरीचा घाट ओलांडला, की नारायणगाव येतं. इथं वाट जरा वाकडी करून खोडदला जरूर जावं.

हिरव्या शेतांमध्ये एकदम प्रचंड तबकड्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर, पण अंग तारेच्या जाळीचं, थेट पिठाच्या चाळणीसारखं! अशा ३० तबकड्यांची ही जीएमआरटी दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. इथं मोबाईल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी फारच क्षीण असतात.

पल्सार नावाचे तारे घड्याळासारखे नेमाने ठोके देतात. दूरच्या दीर्घिकांत सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाच्या कृष्णविवरांच्या जोड्या फुगडी घालावी तशा फिरत असल्या, तर त्यांच्या गुरुत्वीय लहरींनी हे ठोके किंचित मागेपुढे होतात. एकेक लाट सरायला वर्षं लागतात! वाटेतल्या विरळ वायूमुळे ठोक्यांना होणारा उशीर वेगळा काढायला खोडदच्या नोंदी उपयोगी पडतात. युरोपच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना त्यांची जोड मिळाली आणि २९ जून २०२३ रोजी अशा लहरींचा पुरावा जाहीर झाला. मात्र त्यामागे नेमकी कुठली जोडी, हे अजून ठरायचं आहे.

वर्गात आपण मुलांना लागलेलेच शोध शिकवतो. चालू असलेला शोध दाखवायचा, तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त इथं प्रदर्शन भरतं, तेव्हा त्यांना घेऊन या.