अम्मीची शर्त

अब्बा गेले तेव्हा त्यांच्यावर कर्ज होतं. वारसांच्या वाटणीआधी मयताचं कर्ज फेडायचं, हा शरीयतचा नियम. घर विकण्याशिवाय मार्ग नव्हता. शेजारचे चाचा घ्यायला तयार झाले. पण अम्मी इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस तिला त्याच घरात काढायचे होते. ती म्हणाली, "एवढीच शर्त घाला. इद्दत संपेपर्यंत मी इथेच राहीन."

आमचे मौलाना हनफी. ते म्हणाले, "विक्रीच्या करारात ही शर्त आली, तर सौदा फासिद होतो." मला राग आला. मी त्यांना हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस ऐकवली. प्रवासात त्यांनी आपला उंट प्रेषितांना (स.) विकला, पण मदिनेपर्यंत त्यावर बसून जायची मुभा ठेवली. मदिनेत पोचल्यावर प्रेषितांनी किंमत दिली आणि उंटही परत केला. याच आधारावर हंबली फकीह विकलेल्या घरात ठरावीक मुदत राहण्याची शर्त जायज मानतात.

मौलाना शांतपणे म्हणाले, "बेटा, हनफी म्हणतात की ती स्वारी करारातली शर्त नव्हती, प्रेषितांनी दिलेली सवलत होती. विक्रीच्या किमतीत राहण्याचा मोबदला मिसळला, की हिशेब धूसर होतो आणि भांडणं लागतात. शिवाय हजरत बरीरा यांच्या मालकांची शर्त आठव."

ती मला आठवत होती. हजरत आयेशा (रजि.) बरीराला विकत घेऊन मुक्त करणार होत्या. मालकांची अट अशी, की मुक्तीनंतरचा 'वला'चा हक्क आपल्याकडेच राहावा. तो हक्क मुक्त करणाऱ्याचाच असतो, असं सांगून प्रेषितांनी ती अट रद्द ठरवली. म्हणजे दोघांची संमती असली, तरी दुसऱ्याचा हक्क हिसकावणारी शर्त टिकत नाही.

पण अम्मी कोणाचा हक्क हिसकावत होती?

शेवटी सौदा बिनशर्त झाला. त्यानंतर चाचांनी वेगळेपणाने, आम्हा सर्वांसमोर, अम्मीला घर राहायला दिलं. अम्मीने मला हळूच विचारलं, "आणि त्यांनी शब्द फिरवला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चाचांनी शब्द पाळला. इद्दत संपली त्या दिवशी अम्मीने घर झाडून काढलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

मौलानांची भीती मला आज कळते. तरीही वाटतं, असे चाचा सर्वांच्या शेजारी नसतात. ज्यांच्या शेजारी नसतात, त्यांच्यासाठी मुदत लिहिलेली साधी शर्त हाच आधार असतो.