मधूक

ज्या वृक्षाने दुष्काळात अरण्यातील माणसाला जगविले, त्याच्या वाट्याला आपल्या भाषेत ‘मोह’ हे नाव यावे, याची मला फार दिवस खंत वाटत आली आहे. मूळ संस्कृत शब्द ‘मधूक’. लोकांच्या तोंडी झिजता झिजता त्याचा मोह झाला आणि षड्रिपूंतील मोहाशी त्याचा उच्चार जुळला, एवढाच काय तो त्या बिचाऱ्याचा अपराध. पण ही बदनामी पुढे सरकारदरबारीही रुजू झाली. १८९२ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा केला, आणि जी फुले उकडून, भाजून गोरगरीब उन्हाळा काढीत, ती, त्यांची दारूही गाळता येते म्हणून, आबकारीच्या महसुलापायी गुन्ह्याचा मुद्देमाल ठरली. पोटापुढे महसूल मोठा मानणारा तो अंमल आठवला की आजही मन विटते.

कालिदासाला हा कलंक ठाऊक नव्हता. ‘कुमारसंभवा’त पार्वतीला विवाहासाठी सजवितात, तेव्हा तिच्या केशपाशाभोवती दूर्वांसह पांढुरक्या मधूकपुष्पांची माळ गुंफितात, आणि गोंडांच्या लग्नमांडवात मोहाची डहाळी आजही मानाची असते.

चैत्रात, जुनी पाने गळून फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे घोस आलेले असताना, हे झाड पाहावे. फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात, आणि पहाटे टपटप सडा पडू लागतो. चांद्याकडच्या एका रानात मी असाच उजाडण्यापूर्वी गेलो होतो. झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडलेली होती. एक फूल उचलले: द्राक्षाएवढे, मांसल, फिकट पिवळे, देठाकडून पोकळ. दाताखाली धरताच चिकट गोडी जिभेवर पसरली आणि मागून एक उग्र, जनावराच्या अंगासारखा वास घशाशी आला. वाळल्यावर हीच फुले मनुकांसारखी काळपट होऊन वर्षभर कणगीत राहतात. पुढे फळे पिकतात, आणि बियांचे तेल दिव्याला नि फोडणीला होते.

एक म्हातारी टोपलीत फुले वेचीत होती. मी खालच्या फांदीवरचा घोस ओढू लागलो, तशी ती म्हणाली, “तोडा लागत नाही, बापू, झाड आपनच देते.”

आणि ती पुन्हा वाकली. तिच्या पांढऱ्या केसांवर फुले पडतच होती.