दस्तुरी

निवृत्तीनंतर मोटार घ्यावी की नाही, यावर आमच्या घरी दोन वर्षे खल चालला होता. बेज्जूरहून कागजनगरची आगगाडी गाठायची म्हणजे बसच्या तालावर नाचणे आले, आणि ते सौभाग्यवतींच्या गुडघ्यांना झेपेना. अखेर २०१८ च्या दसऱ्याच्या तोंडावर आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका शहरात जाऊन छोटी गाडी ठरविली. चिरंजीव सोबत होते.

विक्रेत्याने हाती दिलेला खर्चाचा कागद मी चष्मा पुसून वाचू लागलो. उभी हयात सरकारी कागद वाचण्यात गेल्यामुळे ती खोड जात नाही. गाडीची किंमत, लाइफ टॅक्स, विमा, तात्पुरती नोंदणी, फास्टॅग. विम्याचा आकडा पाहून मी चमकलो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून नव्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागत होता, हे आठवले आणि तो पटला. पुढे मात्र ‘हायपोथिकेशन’ या नावाखाली दीड हजार रुपये होते. कर्ज काढले असता बँकेचा बोजा नोंदणीत चढविण्याचे हे शुल्क. मी तर निवृत्तीच्या पैशांतून सारी रक्कम चुकती करणार होतो! विक्रेता तरुण होता, ओशाळला. “सर, तो रकाना छापीलच असतो,” असे म्हणून त्याने तो खोडला. कागद न वाचणाऱ्या किती जणांनी न काढलेल्या कर्जाचे शुल्क भरले असेल, देव जाणे.

शेवटची ओळ ‘हँडलिंग चार्जेस’, साडेसात हजार. हे कशाचे, असे विचारता उत्तर आले की गाडी गोदामातून आणणे, धुणेपुसणे आणि नोंदणीच्या कागदांची धावपळ. मी म्हटले, “बाळ, गाडी दुकानात आणल्यावाचून तुम्ही ती विकणार कशी? आणि नोंदणीचे म्हणशील, तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४२ वा नियम सांगतो की, तात्पुरती का होईना, नोंदणी झाल्याखेरीज विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये. म्हणजे ते काम तुमच्याच गळ्यात. विक्रीचा दाखला, नमुना २१, तोही तुम्हीच द्यायचा. हे सरकारी शुल्क असेल तर सरकारी पावती दाखव. नसेल तर ही दस्तुरी झाली.”

दस्तुरी हा निजामी अमदानीतला शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी नेहमी असे. शुल्क कायद्याने ठरते, दस्तुरी रिवाजाने. त्या पोराला तो शब्द कळला नाही. अर्थ मात्र बरोबर कळला, कारण तो व्यवस्थापकांना घेऊन आला.

“सगळेच देतात, साहेब,” व्यवस्थापक म्हणाले. मी म्हटले, मीही देईन. मात्र याच नावाने, दुकानाच्या शिक्क्याची वेगळी पावती हवी. ते घुटमळले. त्याऐवजी गाद्यांच्या खोळी फुकट देऊ केल्या. मी नको म्हटले. “बाबा, मुहूर्त टळेल,” चिरंजीव कानाशी लागले. अर्ध्या तासाने ओळ खोडली गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. आठवले ते माझे तालुक्याचे कार्यालय. दाखल्याला अमुक शुल्क, असा फलक भिंतीवर होता. बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणाऱ्याचे दहा रुपये, दारातल्या शिपायाचे आणखी काही. गोंड-कोलाम शेतकरी धोतराच्या गाठीतून नाणी मोजून देत, आणि ते माझ्या खिडकीतून दिसे. मी कुणाचा पैसा घेतला नाही. सही करून मोकळा होत असे. त्या दहा रुपयांची पावती मात्र मी कधी कुणाला विचारली नाही.

शेजारच्या टेबलाशी एक वयस्कर शेतकरी पत्नीसह बसले होते. बोली आपल्याच प्राणहिताकाठची. तोच छापील कागद त्यांच्यापुढे होता. त्यांचे बोट ओळीओळीवरून फिरत होते, पण डोळे मुलाकडे. मुलाने खिशातून पेन काढले. दोन शब्द सांगायला मला उठूनही जावे लागले नसते. इतक्यात व्यवस्थापक पेढ्यांचा डबा घेऊन आले. नुकतीच माझी ओळ खोडणाऱ्या माणसासमोर त्याचेच दुसरे गिऱ्हाईक मोडावे, हे जिवावर आले. बाहेर चाकांखाली लिंबे ठेवून झाली होती. चिरंजीवांनी किल्ली पुढे केली, आणि मी पेढा तोंडात टाकून बाहेर पडलो.